कबुली आणि सत्य : ‘व्हेन दे सी अस’ या मालिकेच्या निमित्ताने

‘कबुली’ या शब्दाशी आपली ओळख दोन वाटांनी होते. लहानपणी पहिल्या कम्युनियनच्या तयारीत आपण पापनिवेदन करायला शिकतो. मोठेपणी वर्तमानपत्रात ‘आरोपीने गुन्ह्याची कबुली दिली’ हे वाक्य वाचतो आणि निश्चिंत मनाने पान उलटतो. दोन्हीकडे शब्द एकच असल्यामुळे आपल्या मनात नकळत एक समजूत घर करून राहते. माणसाने स्वतःच्या तोंडाने जे कबूल केले, ते खरेच असणार. स्वतःच्या विरुद्ध कोण कशाला खोटे बोलेल?

या समजुतीला मुळापासून हादरा देणारी एक कलाकृती अलीकडच्या काळात पाहण्यात आली. एव्हा डुव्हर्ने या अमेरिकी दिग्दर्शिकेची ‘व्हेन दे सी अस’ ही चार भागांची मालिका ३१ मे २०१९ रोजी नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झाली. ‘ते आम्हाला पाहतात तेव्हा’ असा या नावाचा आशय. गुन्हेगारी कथा म्हटली की गुन्हा, शोध आणि उलगडा ही तीन पावले आपण गृहीत धरतो. येथे पहिल्याच भागात पोलिसांच्या दृष्टीने उलगडा पूर्ण होतो, आणि पुढचे तीन भाग त्या उलगड्याने पाच घरांची काय दशा केली ते सांगतात.

मालिकेचा आधार सत्य घटना आहे. १९ एप्रिल १९८९ च्या रात्री न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क या विस्तीर्ण उद्यानात धावण्याच्या व्यायामासाठी गेलेल्या २८ वर्षांच्या एका तरुणीवर बलात्कार झाला. तिला इतकी अमानुष मारहाण करण्यात आली, की शरीरातील बहुतेक रक्त वाहून गेले आणि ती १२ दिवस बेशुद्ध होती. शुद्धीवर आल्यावर हल्ल्याची कोणतीच आठवण तिच्यापाशी उरली नव्हती. त्याच रात्री हार्लेम भागातील तीसहून अधिक मुलांचा घोळका उद्यानात शिरला होता आणि त्यांपैकी काहींनी वाटसरूंना त्रास दिला होता, मारहाणही केली होती. पोलिसांनी या दोन गोष्टींची सांगड घातली. केव्हिन रिचर्डसन आणि रेमंड सँटाना हे चौदा वर्षांचे, अँट्रॉन मॅक्रे आणि युसेफ सलाम पंधरा वर्षांचे, तर कोरी वाइज सोळा वर्षांचा. चौघे कृष्णवर्णीय, एक लॅटिन अमेरिकी वंशाचा. कोरीचे नाव पोलिसांच्या यादीत नव्हतेच. मित्राला एकट्याने जायला नको म्हणून तो युसेफच्या सोबतीने पोलीस ठाण्यात गेला होता. तो परत आला तो सुमारे तेरा वर्षांनी.

१९९० मध्ये दोन खटल्यांत पाचही जण दोषी ठरले. २००२ मध्ये मातियास रेयेस या अट्टल गुन्हेगाराने तुरुंगातून सांगितले, की तो हल्ला आपण एकट्याने केला होता. डीएनए चाचणीने त्याच्या म्हणण्याला दुजोरा दिला आणि १९ डिसेंबर २००२ रोजी न्यायालयाने पाचही जणांची दोषसिद्धी रद्द केली. २०१४ मध्ये न्यूयॉर्क शहराने त्यांना ४ कोटी १० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. चूक मात्र कबूल केली नाही. कबुलीच्या या कथेत ही शेवटची नोंद वाचकांनी लक्षात ठेवावी.

मालिकेचे सर्वांत मोठे बळ तिच्या पहिल्या भागात आहे. चौकशीच्या खोलीत मारझोड फारशी दाखवलेली नाही. दाखवला आहे तो थकवा. रात्र उलटून जाते, खायला मिळत नाही, झोप नाही, आणि समोरचा अधिकारी पुनःपुन्हा एकच सांगतो : ‘तुझ्या मित्रांनी तुझे नाव घेतले आहे, तू त्यांचे घे आणि घरी जा.’ त्या वयाच्या मुलाला ‘घरी जा’ या दोन शब्दांपलीकडचे काही ऐकू येत नाही. तपशील प्रश्नातूनच उत्तरात उतरतो. अधिकारी विचारतो, की अमका तेथे होता ना; मुलगा म्हणतो, होता. कुठे होता, काय घातले होते, कोणी धरले, कोणी मारले, यांची उत्तरे मग जुळवली जातात. ती एकमेकांशी जुळत नाहीत, पण त्याकडे पाहायला कोणाला सवड नसते. ब्रॅडफर्ड यंग यांच्या छायाचित्रणात या खोल्या अशा अंधुक आणि दाटलेल्या दिसतात, की पाहणाऱ्याचाही श्वास कोंडावा.

आणि मग कॅमेरा येतो. प्रत्यक्ष प्रकरणातही असेच घडले होते. पाचांपैकी चौघांचे जबाब चित्रफितीवर नोंदवले गेले. आधीच्या अनेक तासांची चौकशी मात्र कोठेच नोंदवली गेली नव्हती. ज्युरीने पाहिले ते फक्त शेवटचे पान. त्या पानावर मुलगा शांतपणे सांगत होता, की होय, आम्ही तेथे होतो. पुस्तकाचे शेवटचे पान वाचून संपूर्ण पुस्तक वाचल्याचा दावा करणाऱ्यासारखी त्या न्यायालयाची अवस्था झाली. दिग्दर्शिकेने त्या न वाचलेल्या पानांचे नाट्य उभे केले आहे, आणि कल्पित कलाकृतीचे हे न्याय्य काम आहे.

याच भागात अँट्रॉनच्या वडिलांचा प्रसंग आहे. मायकेल के. विल्यम्स या कै. अभिनेत्याने ती भूमिका केली आहे. पोलीस काय करू शकतात याची भीती मनात घेऊन जगलेला हा बाप सुरुवातीला मुलाच्या बाजूने उभा राहतो. नंतर मात्र तोच मुलावर ओरडतो, खोलीतल्या वस्तूंवर राग काढतो, आणि ‘ते म्हणतील ते सांगून टाक’ असे बजावतो. मुलगा हुंदके देत बापाकडे पाहत राहतो. आमच्या धर्मग्रामातील काही पालकांबरोबर मी ही मालिका पाहिली, तेव्हा या प्रसंगानंतर एक गृहस्थ बराच वेळ गप्प होते. शेवटी ते म्हणाले, “फादर, मीसुद्धा माझ्या पोराला सही करायला लावली असती.” या वाक्यापेक्षा मालिकेच्या यशाची मोठी पावती मला सुचत नाही. खोटी कबुली क्रूर बापाने दिलेली नसते, भ्याड मुलाचीही ती नसते. मुलाला घरी न्यायचे आहे या साध्या मायेतून ती जन्माला येऊ शकते.

पहिल्या भागाच्या शेवटी चार मुले प्रथमच एका खोलीत एकत्र येतात. त्यांतील काहींची एकमेकांशी ओळखही नाही. तेथे एकेक जण दुसऱ्याला सांगू लागतो, की मी तुझ्याविषयी खोटे बोललो. कोणी क्षमा मागतो, कोणी मान हलवतो. समोर कॅमेरा नाही, कागद नाही, अधिकारी नाही. या मालिकेतील पहिली खरी कबुली ती हीच. तीस वर्षांच्या आसपास पापनिवेदनाच्या कक्षात बसलेल्या माझ्यासारख्या धर्मगुरूला हा प्रसंग फार ओळखीचा वाटला. तेथे माणूस स्वतःहून येतो, स्वतःचेच बोलतो, दुसऱ्याचे नाव घेत नाही. ऐकणारा त्याचे काही लिहून ठेवत नाही आणि बाहेर एक अक्षर उच्चारत नाही. चौकशीच्या खोलीत ऐकणाऱ्याला आधीपासून ठाऊक असलेले वाक्य ऐकायचे असते. दोन कबुल्यांमधले हे अंतर मी अनेक प्रवचनांतून समजावू पाहिले असेल. त्या चार मुलांनी ते काही मिनिटांत समजावले.

दुसरा भाग खटल्याचा आहे. पीडित तरुणीच्या अंगावर सापडलेल्या वीर्याचा डीएनए या पाचांपैकी कोणाशीही जुळत नव्हता, आणि हे खटल्यापूर्वीच स्पष्ट झाले होते. तेव्हा सरकार पक्षाने असे मांडले, की आणखी एक हल्लेखोर निसटला असावा. पुरावा कथेच्या विरोधात गेला, म्हणून कथेतच एक पात्र वाढवण्यात आले. सरकारी वकील एलिझाबेथ लेडरर यांच्या भूमिकेत व्हेरा फार्मिगा यांनी शंका येऊनही पुढे चालत राहणाऱ्या व्यक्तीची अस्वस्थता फार संयमाने दाखवली आहे. शहरातील वातावरणही येथे येते. १ मे १९८९ रोजी, म्हणजे कोणताही खटला उभा राहण्यापूर्वी, डोनाल्ड ट्रम्प या बांधकाम व्यावसायिकाने न्यूयॉर्कच्या चार दैनिकांत पानभर जाहिराती देऊन मृत्युदंड परत आणण्याची मागणी केली होती. पुढे हेच गृहस्थ राष्ट्राध्यक्ष झाले. मालिकेतील एका आईला ती जाहिरात म्हणजे आपल्या मुलाचा मृत्यू मागणारा मजकूर वाटतो, आणि तिचे काही चुकते असे म्हणता येत नाही. ती मागणी मान्य होऊन त्या मुलांना लागू झाली असती, तर २००२ मध्ये निर्दोष ठरवायला कोणी उरले नसते. मृत्युदंडाच्या विरोधात ख्रिस्तसभा जे सांगत आली आहे, त्यासाठी यापेक्षा वेगळा युक्तिवाद शोधण्याची गरज पडू नये.

तिसऱ्या भागात चौघे तरुण होऊन घरी परततात. हा भाग मला उणा वाटला. चार माणसे, चार घरे, नोकरी न मिळणे, लैंगिक गुन्हेगार म्हणून नोंद, मोडलेली नाती हे सारे एका भागात बसवताना दिग्दर्शिकेची ओढाताण झाली आहे. एका दुःखाशी मन जुळते न जुळते तोच दुसरे समोर येते. याउलट चौथा भाग जवळजवळ संपूर्णपणे एकट्या कोरीला दिला आहे आणि तोच मालिकेचा कळस आहे. सोळा वर्षांचा असल्यामुळे त्याला प्रौढांच्या तुरुंगात पाठवण्यात आले. इतर चौघांच्या बालपणासाठी आणि तारुण्यासाठी वेगवेगळे कलावंत घेतले आहेत. कोरीची दोन्ही वये मात्र एकट्या जॅरेल जेरोमने उभी केली आहेत. कोरीला बालपण आणि तारुण्य असे दोन वेगळे आयुष्यभाग मिळालेच नाहीत, हे या निवडीतून आपोआप सांगितले जाते. या भूमिकेसाठी जेरोमला २०१९ चा एमी पुरस्कार मिळाला.

याच भागात कोरी पॅरोल मंडळापुढे बसतो. गुन्हा मान्य कर, पश्चात्ताप दाखव, म्हणजे सुटकेचा विचार होईल, अशी तेथील रीत. सोळाव्या वर्षी ‘घरी जा’ या आमिषापुढे मोडलेला मुलगा आता तेच आमिष पुन्हा समोर आले असताना नकार देतो. तो नकार त्याला आणखी काही वर्षे तुरुंगात ठेवतो. पहिल्या भागातील खोटी कबुली आणि चौथ्या भागातील हा नकार समोरासमोर ठेवून पाहिले, की मालिकेचा आकार ध्यानात येतो.

आता एक अडचणीचा प्रश्न. मुलांची कबुली खोटी आणि रेयेसची कबुली खरी, हे आपण कशाच्या बळावर ठरवतो? कबुली कबुलीच आहे. त्यातून रेयेसने तोंड उघडले तेव्हा या गुन्ह्यासाठी खटला भरण्याची कायदेशीर मुदत उलटून गेली होती. बोलल्याने त्याची शिक्षा वाढणार नव्हती. उत्तर असे, की रेयेसच्या शब्दावर कोणी नुसता विश्वास टाकला नाही. सरकारी वकिलांच्या कार्यालयाने त्याचे म्हणणे तपासले, डीएनए जुळले, गुन्ह्याचे तपशील जुळले. मुलांच्या जबाबांची अशीच पारख १९८९ मध्ये झाली असती, तर ते त्याच वेळी कोसळले असते. कबुली हा तपासाचा आरंभ असू शकतो. तिला तपासाचा शेवट मानले, की अनर्थ होतो. येथे तो अनर्थ दुहेरी झाला. पोलीस पाच मुलांवर समाधान मानून बसले, आणि रेयेस मोकळाच राहिला. ऑगस्ट १९८९ मध्ये पकडला जाईपर्यंत त्याने आणखी स्त्रियांवर अत्याचार केले आणि एका गर्भवती स्त्रीचा जीव घेतला. मालिका रेयेसच्या मनापर्यंत पोहोचत नाही. त्याचे बोलणे सुटकेचा एक टप्पा म्हणून उरकले जाते. एवढ्या वर्षांनी त्याला बोलावेसे का वाटले, हा प्रश्न तिने किमान उभा करायला हवा होता.

मालिकेवरचा माझा मुख्य आक्षेप मात्र निराळा आहे. ज्या दोषाकडे ती बोट दाखवते, तो अंशतः तिच्यातही शिरला आहे. पोलिसांना एक सुबक कथा हवी होती आणि कथेला खलनायक हवे होते. मालिकेलाही खलनायक हवा आहे. मॅनहॅटनच्या सरकारी वकील कार्यालयातील लैंगिक गुन्हे विभागाच्या तत्कालीन प्रमुख लिंडा फेअरस्टीन यांच्यावर तिने तो भार टाकला आहे. फेलिसिटी हफमन यांनी रंगवलेल्या या पात्राच्या तोंडी असे संवाद आणि हातून अशी कृत्ये घातली आहेत, जी आपली नव्हतीच, असे खऱ्या फेअरस्टीन यांचे म्हणणे. त्यांनी २०२० मध्ये बदनामीचा दावा लावला आणि २०२३ मध्ये न्यायालयाने काही प्रसंगांपुरता तो पुढे चालू दिला. जून २०२४ मध्ये तडजोड झाली. फेअरस्टीन यांना पैसे मिळाले नाहीत. नेटफ्लिक्सने निरपराध कैद्यांसाठी काम करणाऱ्या इनोसन्स प्रोजेक्ट या संस्थेला दहा लाख डॉलर दिले, आणि घटना व संवाद नाट्यरूपासाठी बदलले असल्याची सूचना प्रत्येक भागाच्या आरंभी आणण्याचे ठरले. फेअरस्टीन यांच्या कामावर कठोर टीका करायला भरपूर जागा आहे. परंतु जो अन्याय एका संपूर्ण व्यवस्थेने, वृत्तपत्रांनी, न्यायालयांनी आणि घाबरलेल्या शहराने मिळून केला, तो एका स्त्रीच्या चेहऱ्यावर आणून ठेवला, की बाकीचे सारे निसटतात. एका माणसाच्या तोंडी न बोललेले शब्द घालण्याचा हक्क कलावंताला कितपत असावा? या विषयावरच्या कलावंताने तरी त्याबाबत अधिक जपायला हवे होते.

दुसरी उणीव त्या तरुणीविषयी. ती मालिकेच्या कडेला राहते. कथा पाच मुलांची आहे हे मान्य. पण २००३ मध्ये स्वतःचे नाव प्रकट करून आपल्या पुनर्जीवनाविषयी पुस्तक लिहिणारी ही स्त्रीही त्या खोट्या कबुल्यांची बळी आहे. तिच्या नावाने उभारलेला न्याय तिलाही मिळाला नव्हता. त्या रात्री मारहाण झालेल्या इतर लोकांनाही मालिका ओझरते दाखवून पुढे जाते. तो गुंता तिने स्वीकारला असता, तर पाच मुलांचे निरपराधपण उणे झाले नसते. उलट प्रेक्षकाला अधिक प्रौढ समजून घ्यावी लागली असती. या प्रकरणाची वस्तुनिष्ठ बाजू ज्यांना पाहायची असेल, त्यांनी केन बर्न्स, सेरा बर्न्स आणि डेव्हिड मॅकमहन यांचा २०१२ चा ‘द सेंट्रल पार्क फाइव्ह’ हा माहितीपटही अवश्य पाहावा. तेथे हीच माणसे स्वतःच्या आवाजात बोलतात.

हे सारे दूरदेशीचे आहे, आपल्याला त्याचे काय, असे कोणी म्हणेल. आपल्या कायद्याने या बाबतीत फार पूर्वीच शहाणपण दाखवले आहे. पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेली कबुली आरोपीविरुद्ध सिद्ध करता येत नाही, हे तत्त्व १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याच्या २५ व्या कलमात होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या २३ व्या कलमातही ते कायम आहे. म्हणजे न्यायालय जे वाक्य पुरावा म्हणून स्वीकारत नाही, ते आपण चहाच्या कपाबरोबर स्वीकारतो आणि संध्याकाळपर्यंत आरोपीला, त्याच्या आईबापाला, कधी त्याच्या संपूर्ण वस्तीला शिक्षा सुनावून मोकळे होतो. मालिकेचे नाव ‘ते आम्हाला पाहतात तेव्हा’ असे आहे. त्या ‘ते’ मध्ये वर्तमानपत्राचे पान उलटणारे आपणही येतो.

मालिकेच्या अखेरीस खरे पाच जण, आता मध्यमवयीन झालेले, पडद्यावर येऊन उभे राहतात. त्यांतील युसेफ सलाम नोव्हेंबर २०२३ मध्ये हार्लेममधूनच न्यूयॉर्कच्या नगर परिषदेवर निवडून आले. उणिवा धरूनही ही मालिका प्रत्येक घराने पाहावी असे मी म्हणेन. मात्र लहान मुलांना ती दाखवू नये, कारण तुरुंगातील हिंसेची काही दृश्ये त्यांना सोसणारी नाहीत. मोठ्या मुलांबरोबर ती अवश्य पाहावी आणि पाहून झाल्यावर थोडा वेळ बोलावे. आमच्याकडे ते गृहस्थ निघताना दारात थांबले होते. त्यांचा पंधरा वर्षांचा मुलगा सोबत होता. त्याच्या खांद्यावर हात ठेवून ते म्हणाले, “उद्या काही झालंच, तर आधी मला खरं काय ते सांग. सहीचं मागून बघू.” मुलाने मान डोलावली आणि दोघे काळोखातून घराकडे निघाले.